मधे फुगणारा शाफ्ट: लेथच्या सपोर्टचं एक प्रकरण

शाफ्ट बघायला एकदम साधा. ईएन-८ स्टीलचा २८ मिमीचा काळा (वरचे खवले न काढलेला) बार, टर्निंग करून, म्हणजे लेथवर फिरवत टूलनं सोलून, २५.३ ला आणायचा, पुढे ग्राइंडिंगमध्ये २५ होणार. बार धरून फिरवणाऱ्या चकच्या जॉपासून (जबड्यांपासून) दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकच्या सेंटरपर्यंत (टोकदार टेकूपर्यंत) ७५० मिमी, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) अधिक-उणे ०.०३, चाळीस नग. ना थ्रेड, ना स्टेप, शेवटी एक कीवे (चावी बसायची लांब खाच) तेवढा मिलिंगवर. ड्रॉइंग बघून मीच म्हणालो होतो की दोन दिवसांत उरकेल. पहिले तीन नग निघाले आणि तिन्ही मायक्रोमीटरखाली नापास झाले.

मी सेटिंग बघतो, मशीनवर ऑपरेटर दुसरा होता, पोरगा हुशार आहे, हात चांगला आहे. तो लगेच म्हणाला, "साहेब, टेलस्टॉक आउट आहे, घेऊ का जरा मागे?" मी दुसऱ्या मशीनवर अडकलो होतो, म्हटलं घे. ही माझी पहिली चूक, कारण मी रीडिंग न बघता हो म्हटलं. त्यानं टेलस्टॉकचे साइड स्क्रू ढिले करून टेलस्टॉक सरकवला, चौथा नग घेतला, तर आता टेपर (एका टोकाकडे निमुळतेपणा) पण आला आणि मधला फुगा पण तसाच राहिला. म्हणजे एका दोषाचे दोन दोष झाले.

मग मशीन थांबवलं आणि पहिल्या नगाची रीडिंग नीट घेतली, दर १५० मिमीवर, टेलस्टॉकच्या टोकापासून चकाकडे. टोकाला २५.३०, १५० वर २५.४१, ३०० वर २५.४९, ४५० वर २५.४३, ६०० वर २५.३३ आणि चकाजवळ परत २५.३०. ही सहा रीडिंग आधी घेतली असती तर अर्धा दिवस वाचला असता, कारण उत्तर त्यांच्यातच होतं.

टेलस्टॉक आउट असेल तर डायामीटर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ वाढत जातो, मधे फुगून परत कमी होत नाही. टेलस्टॉक ०.०५ सरकला तर त्या टोकाला डायामीटरमध्ये ०.१० फरक आणि चकाकडे जाताना तो हळूहळू शून्य, सरळ रेषेत. आमच्या पहिल्या नगाची दोन्ही टोकं सारखी होती, म्हणजे टेलस्टॉक जागेवर होता आणि आम्ही त्यालाच हलवून बसलो. दोन टोकं बरोबर आणि पोट सुटलेलं याचा अर्थ एकच, टूल पुढे जाताना जॉब, म्हणजे शाफ्ट, मागे पळतोय.

आता किती पळतोय याचा हिशोब मांडून बघितला, कारण नुसतं "बार लवतो" म्हणून पुढे जाता येत नाही. स्टीलचा २५.३ मिमीचा गोल बार, एका बाजूला चकात घट्ट धरलेला, दुसऱ्या बाजूला सेंटरवर टेकलेला, मधे ७५० चा गाळा. टूल त्याला १०० न्यूटननं, म्हणजे साधारण दहा किलोच्या जोरानं मागे ढकलत असेल तर सगळ्यात नरम जागी तो ०.१ मिमी लवतो. टूलपासून ०.१ लांब गेला म्हणजे डायामीटर ०.२ जास्त राहिला, आणि आम्हाला ०.१९ मिळत होता. दहा किलो म्हणजे टर्निंगमध्ये काहीच नाही, चांगला कट घेतला की एवढा जोर येणारच.

ती नरम जागा मधोमध नसते हे पण लक्षात घ्या. चक बारला घट्ट आवळून धरतो, सेंटर फक्त टेकू देतो, त्यामुळे टेलस्टॉककडची बाजू जास्त लवचिक असते आणि फुगा मध्यापासून टेलस्टॉककडे सरकतो. ७५० च्या गाळ्यात हिशोबानं तो टेलस्टॉकपासून ३१० मिमीवर यायला पाहिजे आणि आमचं सगळ्यात मोठं रीडिंग ३०० वर होतं. ते जुळलं तेव्हा माझ्या मनातली शंका गेली. हाच बार दोन सेंटरमध्ये धरला असता तर फुगा बरोबर मधे आला असता आणि दुप्पट आला असता. टेलस्टॉक लावलाच नसता तर टोकाला तीस पटीच्या वर लवला असता. टेलस्टॉक किती काम करतो ते यावरून कळतं आणि त्याला एकट्याला किती झेपत नाही ते पण. लांबी दुप्पट झाली की लवणं आठपट होतं, जाडी अर्धी झाली की सोळापट. म्हणून २०० मिमीच्या शाफ्टवर जो ऑपरेटर राजा असतो तोच ७५० वर रडकुंडीला येतो, आणि त्यात त्याच्या हाताचा काही दोष नसतो.

आधी बिघडवलेलं नीट केलं. ३०० मिमीचा टेस्ट बार दोन सेंटरमध्ये लावला, डायल (काट्याचं मापक) टूल पोस्टवर, कॅरेज (टूल वाहून नेणारा गाडा) या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून टेलस्टॉक परत जागेवर आणला, एकदा समोरून आणि एकदा वरून बघितलं. टेलस्टॉकची स्लीव्ह (सेंटर धरणारी नळी) शंभर मिमीच्या वर बाहेर काढून काम चालू होतं, ती आत घेतली आणि टेलस्टॉकची बॉडीच पुढे सरकवली. स्लीव्ह जितकी बाहेर तितका टेलस्टॉक नरम, हे सगळ्यांना माहीत असतं पण घाईत कोणी बॉडी सोडून पुढे आणत नाही. सेंटर काढून त्याची निमुळती दांडी पुसली तर आत बारीक चिप चिकटलेली.

बेडवर (मशीनच्या लांब पायावर) बुडबुड्याची लेव्हल ठेवली. एक घर म्हणजे मीटरला ०.०२, तर चकाकडच्या आणि टेलस्टॉककडच्या रीडिंगमध्ये दोन घरांचा फरक, म्हणजे बेडला पीळ. खालचा एक लेव्हलिंग बोल्ट चक्क हातानं फिरत होता. पिळाचा परिणाम लोक हसण्यावारी नेतात, पण सेंटरची उंची बेडपासून २०० मिमी असेल तर तेवढ्या पिळानं टूल ०.००८ सरकतं आणि डायामीटरला ०.०१६ टेपर येतो. आमची पूर्ण टॉलरन्स ०.०६ ची, त्यातला चौथा हिस्सा एका ढिल्या बोल्टनं खाल्ला असता. बोल्ट आवळून लेव्हल परत घेतली. फुगा यानं गेला नाही, जाणारच नव्हता, पण आता निदान पायाखालची जमीन पक्की होती.

मग स्टेडी, म्हणजे लांब बारला मधे धरणारा आधार. आमच्या मशीनला तीन जॉची स्टेडी आहे, बेडवर बोल्ट होते, दोन जॉ खाली आणि एक वरच्या झाकणात. बार लावला, मधे स्टेडी ठेवली, तिन्ही जॉ बारला टेकवल्या आणि मशीन चालू केलं. दहा मिनिटांत थांबवायला लागलं. काळा बार गोल नसतो, बाहेरून खवले असतात, कुठं चपटा असतो, आणि असा बार तीन जॉमध्ये फिरला की दर चक्कराला स्वतःच इकडून तिकडे ढकलला जातो. स्टेडीजवळ जे टर्न झालं ते बोटाला पण कोपरे लागावेत असं. म्हणजे स्टेडीनं बारचा वाकडेपणा जसाच्या तसा फिनिशवर छापला.

त्यामुळे स्टेडी लावायची असेल तर आधी तिच्या जागेपुरता एक पट्टा टर्न करून घ्यावाच लागतो. धारदार टूल, अगदी बारीक कट, सावकाश. तो पट्टा मापात नसला तरी चालेल पण गोल आणि सेंटरला धरून पाहिजे. बार फारच वेडावाकडा असेल तर त्यावर स्क्रूवाला बुश चढवून, डायलनं बुश सेंटरला आणून, स्टेडी त्या बुशवर चालवतात. आम्ही ४० मिमीचा पट्टा घेतला आणि जॉ परत टेकवल्या.

इथं दुसरी चूक झाली, आणि ती माझ्या हातून. जॉ टेकल्या की नाही ते मी हाताच्या अंदाजानं बघितलं, जरा घट्ट वाटल्यावर लॉक केलं. टर्न झालेला नग मोजला तर आता स्टेडीजवळच बारीक, कंबर आल्यासारखा, ०.०६ नं कमी. मागून डायल लावून स्टेडी उघडली तर शाफ्ट ०.०३ मागे गेला. म्हणजे मी आधार देत नव्हतो, शाफ्टला टूलच्या तोंडी ढकलून धरत होतो. शेजारच्या मशीनवर एक जुने टर्नर काका आहेत, ते बघत उभे होते. म्हणाले, "अरे, तो तिथं आपणहून उभा आहे तिथं त्याला हात लाव. तू त्याला ओढून आणतोयस." मग डायल वर एक, समोर एक, जॉ अशी पुढे आणायची की काटा हलायला लागला की थांबायचं, आणि काटा परत शून्यावर येईपर्यंत मागे घ्यायचं. काकांनी अजून एक गोष्ट दाखवली, तेवढ्याच डायामीटरचा एक पट्टा चकाजवळ पण घ्यायचा, तिथं शाफ्ट ताठ असतो, तिथं जॉ सेट करून लॉक करायच्या आणि मग अख्खी स्टेडी बेडवरून मधे सरकवून आणायची. बेड सरळ असेल तर सेटिंग जसंच्या तसं येतं. आमचा बोल्ट आदल्या तासाला आवळला नसता तर हे जमलं नसतं.

स्टेडीनं फुगा गेला. पण कॅरेज स्टेडीवरून पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे अर्धा शाफ्ट करायचा, स्टेडी फिनिश झालेल्या बाजूला हलवायची, मग दुसरा अर्धा, आणि जोडावर ०.०२-०.०३ ची रेघ राहते. एक-दोन नग असते तर मी तिथंच थांबलो असतो. चाळीस नगांना प्रत्येकी दोन सेटिंग म्हणजे आठवडा गेला असता. शाफ्ट एकसारखा सरळ आहे, मधे स्टेप नाही, अशा जॉबला स्टेडी नाही, ट्रॅव्हलिंग स्टेडी लागते.

ट्रॅव्हलिंग स्टेडी सॅडलवर (कॅरेजवर) बसते आणि टूलबरोबर चालते. तिला दोनच जॉ असतात, एक मागे बरोबर टूलच्या समोर आणि एक वर. तिसरी लागत नाही कारण तिसरी जागा टूलच सांभाळतं. वरची जॉ कशाला असं नवीन पोरं नेहमी विचारतात. जॉबचा टूलकडचा भाग फिरताना खाली येतो, टूल त्याला अडवतं, टूल खाली दाबलं जातं आणि त्याच जोरानं जॉब वर उचलला जातो. म्हणून जॉब मागे पण पळतो आणि वर पण चढतो, त्या दोन्ही वाटा बंद करायला दोन जॉ.

आणि हिची खरी ताकद अशी की जॉ नुकत्याच टर्न झालेल्या भागावर चालते. टेलस्टॉककडून सुरुवात केली, पहिले २० मिमी नुसते टर्न केले, तिथं सेंटर जवळ असल्यामुळे शाफ्ट लवत नाही, माप २५.३० बरोबर आलं, मग मशीन थांबवून जॉ त्या २० मिमीवर टेकवल्या आणि पुढे फीड दिला. आता टूल आणि जॉमधलं अंतर पक्कं, म्हणजे पहिल्या २० मिमीचं माप साच्यासारखं शेवटपर्यंत पुढे जातं. फक्त हे पण ओघानं आलंच की पहिल्या २० मध्ये जी चूक असेल ती पण पूर्ण ७५० भर जाते. म्हणून त्या २० मिमीवर वेळ घालवायचा, तिथं घाई करायची नाही.

पहिला नग ट्रॅव्हलिंग स्टेडीवर घेतला आणि त्यावर बांबूची पेरं आली. अक्षरशः पेरं, थोडं जाड, थोडं बारीक, परत जाड, पूर्ण लांबीभर. डोळ्याला नीट दिसत नव्हतं, पण शाफ्ट लाइटखाली तिरका धरून फिरवला की चमक तुटत होती आणि हात फिरवला की कळत होतं. स्केल लावून बघितलं, एक पेर १२ मिमी. टूलच्या टोकापासून जॉचं अंतर पण १२ मिमी. हा योगायोग नव्हता. जॉ जरा जास्त दाबली होती, त्यामुळे शाफ्ट टूलकडे ढकलला गेला आणि डायामीटर बारीक निघाला. १२ मिमी पुढे गेल्यावर जॉ त्या बारीक भागावर आली, दाब सुटला, शाफ्ट मागे गेला, डायामीटर जाड निघाला. अजून १२ मिमीनं जॉ जाड भागावर चढली, परत ढकललं. एकदा हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही, जॉ आपल्याच चुकीवर चालत राहते.

इलाज परत तोच, दाब काढायचा. डायल समोरून लावली, मागची जॉ काटा हलेल तिथपर्यंत आणली आणि तेवढीच परत घेतली, नुसती तेलाची फिल्म राहील एवढी. मग वरची. त्याआधी जॉचे गनमेटलचे पॅड शाफ्टच्या गोलाईला बसवून घेतले, तेवढ्याच डायामीटरच्या तुकड्यावर एमरी (घासकागद) गुंडाळून, तो चकात फिरवून, पॅड त्यावर टेकवून. सपाट पॅड एका रेघेवर टेकतं आणि लवकर झिजतं, गोलाई मिळाली की पूर्ण अंगानं टेकतं. तेल सतत चालू ठेवलं.

टूल पण बदललं, खरं तर हे पहिल्या तासाला करायला पाहिजे होतं. मशीनवर ४५ अंशाचं टूल होतं, नोज रेडियस (टूलच्या टोकाची गोलाई) ०.८. तिरक्या धारेचं टूल जॉबला जितकं चकाकडे ढकलतं जवळपास तितकंच मागे पण ढकलतं. ९० अंशाच्या टूलचा बहुतेक जोर चकाच्या दिशेनं जातो आणि ती दिशा शाफ्टला झेपते. नोज रेडियस ०.४ केला आणि फिनिश कट एका बाजूला ०.५ ठेवला, म्हणजे कट रेडियसपेक्षा मोठा. ऑपरेटरनं आधी उलटं केलं होतं, लवतंय म्हणून कट कमी-कमी करत ०.१ वर आला होता, आणि एवढ्या बारीक कटात ०.८ चं नोज कापत नाही, घासतं आणि सगळा जोर मागे लावतं. रिकामे पास (कट न वाढवता परत टूल फिरवणं) पण मारून बघितले होते त्यानं, फुगा थोडा कमी झाला पण चॅटरच्या (थरथरीच्या) रेघा उमटल्या. बारीक कट म्हणजे कमी जोर असं सरळ गणित लांब जॉबला लागत नाही.

एवढं करून पाचव्या-सहाव्या नगाला वेगळंच झालं. अर्ध्यापर्यंत छान, मग सेंटरकडून बारीक कुरकुर आणि शाफ्ट थरथरायला लागला. रिव्हॉल्व्हिंग सेंटरला हात लावला तर चटका बसला. शाफ्ट गरम होऊन लांब झाला होता. स्टील एक मीटरला एका डिग्रीला साधारण ०.०१२ मिमी वाढतं, ७५० मिमीचा शाफ्ट ३० डिग्रीनं तापला तर ०.२७ मिमी. एका बाजूला चक सोडत नाही, दुसऱ्या बाजूला सेंटर लॉक करून ठेवलेलं, ती ०.२७ जाणार कुठं, तर शाफ्ट धनुष्यासारखा वाकतो आणि सेंटरचं बेअरिंग भरडलं जातं. इथं पण सपोर्टच दाबत होता, फक्त लांबीच्या दिशेनं. आता नियम केला की रफ कटनंतर टेलस्टॉकचं हँडव्हील सोडून परत हलकं टेकवायचं आणि फिनिशच्या मधे सेंटरवर लक्ष ठेवायचं, कुलंट पहिल्या सेकंदापासून. आणि माप शाफ्ट थंड झाल्यावर, कारण तेवढ्याच तापमानाला डायामीटर पण ०.००९ फुगलेला दाखवतो.

सातव्या नगापासून रीडिंग २५.२९ ते २५.३१ च्या आत यायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ऑपरेटरनं सातवा नग स्वतः तीनदा मोजला.

मिलिंगवर कीवे करताना हेच सगळं परत झालं, म्हणून तेही सांगतो. शाफ्ट डिव्हायडिंग हेड (मिलिंगवर जॉब धरायचं साधन) आणि त्याच्या टेलस्टॉकमध्ये धरला, मधे लवू नये म्हणून खाली स्क्रू जॅक. मिलिंगवाल्यानं जॅक पान्यानं आवळला, शाफ्ट मधे वर उचलला गेला, त्या अवस्थेत कीवे कापला, आणि जॅक काढल्यावर कीवेची खोली मधे जास्त. वर डायल ठेवून, काटा हलेपर्यंत जॅक वर घेऊन परत शून्यावर आणला की झालं. ग्राइंडिंगवरच्या स्टेडीलाही हेच सांगून पाठवलं.

चाळीस नगांत अजून एक गोष्ट कळली. तिसाव्या नगाच्या आसपास डायामीटर हळूहळू चढायला लागला, २५.३१, २५.३२, मग टॉलरन्सच्या अगदी काठावर २५.३३. टूल बदललं, फरक पडला नाही. मागच्या जॉचं पॅड काढून बघितलं तर शाफ्टच्या गोलाईत एका कडेला झिजून चकचकीत झालेलं, आणि जेवढं पॅड झिजलं तेवढी शाफ्टला मागे जायला जागा मिळाली. पॅड परत एमरीवर बसवलं, पहिल्या २० मिमीपासून सेटिंग नव्यानं केलं आणि शेवटचे आठ नग २५.३० वर काढले. आता ट्रॅव्हलिंग स्टेडीचं काम निघालं की दर दहा नगांनी पॅड बघायचं, असं मशीनच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय.